माहेरसाहेब

‘सासू चढली!’ अशी आरोळी आली की आमच्या वीजघरात चार माणसं धावत सुटतात आणि त्यांत सगळ्यांत पुढे मी असते. नव्या माणसाला वाटतं, ही बाई घरचं दुखणं कामावर घेऊन आली. तसं काही नाही. सासू म्हणजे बॉयलरमधल्या वाफेचा दाब दाखवणारा काटा. तो हिरव्यात असला तर सासू बरी आहे, पिवळ्यात गेला तर कुरकुरतेय आणि लाल पट्ट्याकडे निघाला तर चढली. तीन बॉयलर म्हणजे थोरली, मधली आणि धाकटी. धोक्याचा भोंगा म्हणजे नणंद, कारण खाली जरा खुट्ट झालं की ती थेट वर साहेबांच्या केबिनपर्यंत पोचवते. आणि कोपऱ्यात एक राखीव पंप आहे, वर्षातून दोनदा चालतो, बाकी वेळ त्याला नुसतं पुसायचं, तेल पाजायचं आणि जपायचं. तो जावई.

राहिलं माहेर. थोरलीला वाफ सोसेनाशी झाली की एक व्हॉल्व्ह उघडायचा. जादा वाफ भिंतीपलीकडच्या मोठ्या टाकीत जाते, तिथं निवते, तिचं पाणी होतं आणि ते मुकाट्यानं परत बॉयलरमध्ये येतं. ती टाकी म्हणजे माहेर. ‘माहेरी सोड’ म्हटलं की आमचा कुठलाही माणूस डोळे मिटून बरोबर तोच व्हॉल्व्ह फिरवतो.

हे सगळे शब्द माझ्या सासूबाईंचे. म्हणजे खऱ्या सासूबाईंचे, घरी बसून माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्या.

कंपनी परदेशी. सत्तर वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा गावात कंदील होते. तिनं वीजघर बांधलं, रस्ता केला, शाळा काढली आणि साहेबलोकांसाठी एक पोहण्याचा तलाव बांधला. त्यात आमची माणसं उतरली ती फक्त घासायला. पुढे दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि साहेबलोक आठवड्याभरात चंबूगबाळं आवरून गेले. त्यांची खात्री होती की महिन्याभरात इथं अंधार होणार. चार वर्षं एक दिवा विझला नाही. मग सरकारांचं पुन्हा जुळलं, साहेब परत आले, सगळ्यांशी हात मिळवले आणि कंपनीनं नवं बोधचिन्ह लावलं. त्यानंतर आजवर तिनं तीन बोधचिन्हं, दोन नावं आणि अकरा मॅनेजर बदलले. सासू, नणंद आणि जावई मात्र होते तिथंच आहेत.

बारावे मॅनेजर आमच्यातलेच. त्यांना सगळे बघूसाहेब म्हणतात, कारण रजा मागा, पंखा मागा, नवे हातमोजे मागा, ते म्हणणार, ‘बघू.’ माणूस वाईट नाही. फक्त वरून पत्र आलं की त्यांच्या घशाला कोरड पडते.

असंच एक पत्र आलं आणि त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी कंट्रोल रूमची शिफ्ट सांभाळते, मला परदेशी साहेबलोकांची भाषा वाचता येते. पत्र मुख्य कचेरीचं होतं. कंपनीला या देशात सत्तर वर्षं झाली, म्हणून इतिहासाचं पुस्तक निघणार होतं आणि त्यासाठी कचेरीतली एक इतिहासवाली बाई येणार होती. पुस्तकात एक अख्खं पान होतं ‘माहेर’ नावाच्या थोर इंजिनिअरवर. वाफ वाया न घालवता टाकीत नेऊन तिचं पाणी परत आणायची युक्ती म्हणे त्याची. आज नऊ देशांतल्या कारखान्यांत तिला ‘माहेर लाइन’ म्हणतात. दुर्दैवानं एका जुन्या रोजनिशीतल्या काही ओळींपलीकडे या गृहस्थाच्या आयुष्याची काहीच माहिती नाही. तरी कृपया त्याचं थडगं, फोटो किंवा वारस शोधून ठेवावेत. समारंभात लावायची त्याच्या नावाची पितळी पाटी सोबत पाठवली आहे.

मी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. आणि मग मला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. उचकी लागली. साहेबांनी स्वतःचा पाण्याचा ग्लास पुढे केला.

“अहो साहेब, माहेर हा कुणी माणूस नाही. माहेर म्हणजे माहेर!”

“मला माहीत आहे,” साहेब म्हणाले. “मीही इथलाच आहे. माझी बायको वर्षातून तीनदा जाते तिथं.”

“मग कळवा की त्यांना.”

“काय कळवू? की तुम्ही नऊ देशांत ज्याचं नाव लावलंत, तो थोर इंजिनिअर म्हणजे माझ्या सासुरवाडीचा पत्ता आहे?”

मला पुन्हा उचकी लागली. पण पाणी पिऊन झाल्यावर डोकं जाग्यावर आलं आणि मी म्हटलं, “साहेब, शब्द माझ्या सासूबाईंचा आहे. युक्तीही त्यांनीच सुचवली. पाटी लावायची तर त्यांची लावा.”

“पुरावा?”

“जुन्या सगळ्या माणसांना माहीत होतं.”

“जुनी माणसं कुठं आहेत?”

जुन्यांपैकी आता एकट्या सासूबाईच उरल्यात, वय वर्षं एकोणनव्वद. साहेबांनी टेबलामागून कापडात गुंडाळलेली पाटी काढली. वर त्यांच्या भाषेत मजकूर होता आणि खाली आपल्या भाषेत: ‘श्री. माहेर यांच्या स्मरणार्थ.’ खालची ओळ साहेबांनी आधीच स्वतः लिहून पाठवली होती. ती लिहिताना त्यांचा हात अडखळला कसा नाही, हे मी विचारलं. ते म्हणाले, “अडखळला. पण पाटी तयार होऊन आली आता. तुमच्या सासूबाईंचं पुढं कधीतरी बघू.”

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना कवळी काढून हातात धरावी लागली. आमचे हे तर हसून हसून जमिनीवर बसले. नणंदेला फोन लावला. तिचं हसू फोन कानापासून लांब धरूनही शेजारच्यांना ऐकू गेलं.

मग सासूबाईंनी कवळी बसवली आणि म्हणाल्या, “जाऊ दे गं. माझं नाव त्यांच्या दप्तरात आहे ना. ‘कापडकाम’ म्हणून.”

हे खरं होतं. वीजघर सुरू झालं तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, लग्नाला सहा महिने झालेले. मामंजी फिटर होते आणि सासूबाईंना काम मिळालं होतं पाइपांना अंगडी शिवायचं. वाफेच्या गरम पाइपांवर जाड कापड गुंडाळून ते टाके घालून बसवावं लागे. दिवसभर यंत्रांमध्ये बसून हात सुईवर आणि कान साहेबांच्या बोलण्यावर. वर्षभरात त्यांना ती भाषा कळायला लागली, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कंपनीचा अधिकृत दुभाषी वेगळा होता, शाळेतला एक पंडित मास्तर. साहेब एक शब्द बोलला की मास्तर सात शब्दांचं भाषांतर करायचे, तेही असं की ते कळायला दुसरा दुभाषी लागावा.

एक दिवस थोरलीचा काटा लाल पट्ट्यात शिरला. तेव्हाचा मोठा साहेब वरच्या जाळीवरून व्हॉल्व्हचं नाव घेऊन ओरडत होता. खाली मास्तरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, “अतिरिक्त-दाब-विमोचक...” माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. काटा पुढे सरकतोय, जमीन थरथरतेय. तेव्हा कोपऱ्यातून सुई हातात धरून सासूबाई किंचाळल्या, “अरे मेल्यांनो, तिला माहेरी सोडा!”

सगळ्यांना एका क्षणात कळलं. आभाळाकडे तोंड केलेला एकच पाइप होता, त्याचा व्हॉल्व्ह तिघांनी मिळून फिरवला. वाफ वर गेली, काटा खाली आला आणि मास्तर म्हणाले, “...झडप उघडावी.”

संध्याकाळी साहेबानं त्यांना बोलावून विचारलं, तू काय ओरडलीस? माहेर म्हणजे काय? त्यांनी सांगितलं, घरात फार ताप झाला की बाई जिथं जाते ती जागा. तिथं ती निवते आणि मग परत येते. साहेबानं मान वर करून त्या पाइपाकडे पाहिलं. “पण आमची वाफ परत येत नाही,” तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “कशी येईल? तुम्ही तिला माहेरी कुठं धाडता, रस्त्यावर काढता.” दोन महिन्यांत भिंतीपलीकडे टाकी उभी राहिली.

ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. मला वीजघराच्या परीक्षेला बसवलं तेही सासूबाईंनीच. ‘दिवसभर माझ्याशी भांडण्यापेक्षा काट्याशी भांड, पगार मिळेल,’ म्हणाल्या होत्या. आणि आता त्यांच्या जागी एक नसलेला बाप्या पाटीवर बसणार? मला रात्रीचं जेवण गेलं नाही. खरं सांगते, माझा संताप संताप झाला.

दोन दिवसांनी साहेबांनी परत बोलावलं. या खेपेस चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली.

“इतिहासवाली बाई म्हणते, माहेरसाहेबांना पाहिलेलं कुणीतरी भेटवा. तुमच्या सासूबाई येतील का? जास्त काही बोलायचं नाही. उंच होते, भले होते, वारले. बस. मी त्यांचा आत यायचा पास करून देतो.”

मी चहा तसाच ठेवून उठले. घरी जाऊन दारातूनच ओरडले, “आई, ऐकलंत का? आता तुम्हीच यायचं आणि तो बाप्या होता म्हणून साक्ष द्यायची!”

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “पास देणार म्हणाला?”

“हो, पण...”

“मग जाते.”

“आई! तुम्ही खोटं बोलणार?”

“तीस वर्षं झाली मला तिथून निघून,” त्या म्हणाल्या. “नवे नियम आल्यापासून काम नसलेल्या माणसाला गेटच्या आत घेत नाहीत. चारदा परत पाठवलंय मला. तुला नाही सांगितलं. मला एकदा टाकी बघायचीय. त्यासाठी त्याला उंच म्हणायला माझं काय जातं? हवं तर देखणाही म्हणते.”

मी त्यांच्याजवळ बसून उरलेली भाजी निवडली.

समारंभाच्या दुपारी त्या ठेवणीतले कपडे घालून तयार झाल्या. गेटवरच्या पहारेकऱ्यानं मोठी वही उघडली, पासचा नंबर लिहिला आणि विचारलं, “आजी, भेटीचं कारण?”

“ते जाताना सांगते,” सासूबाई म्हणाल्या आणि काठी टेकत पुढे गेल्या.

कार्यक्रम प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये होता. शंभरेक माणसं, भिंतीवर कापडानं झाकलेली पाटी, पुढे टेबल. इतिहासवाली बाई चाळिशीची, डोळ्यांवर चष्मा, आणि हातात एक जुनी वही, पुठ्ठ्याच्या कडा झिजलेल्या. ती त्या पहिल्या मोठ्या साहेबाची रोजनिशी होती. शेजारी टाय लावलेला दुभाषी बसला होता, राजधानीहून मागवलेला. बघूसाहेबांनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, “उंच, भले, वारले.”

बाईनं प्रश्न विचारला. दुभाषी म्हणाला, “कीर्तिशेष माहेर महोदयांच्या व्यक्तिमत्त्वाविषयी आपल्या स्मृती कथन कराव्यात.”

सासूबाईंनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. “उंच होते,” त्या म्हणाल्या. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. “भले होते.” मी मागच्या भिंतीला टेकून ओठ चावत होते.

तेवढ्यात बाईनं रोजनिशीचं एक पान उघडलं. एका ओळीचा अर्थ तिला अजून लागत नव्हता म्हणे, ही ओळ आजींना आठवते का बघावी. तिनं ती वाचली. दुभाष्यानं भाषांतर केलं, “माहेर महोदयांनी मापकयंत्रांच्या दर्शक-काट्यांच्या दोन पुड्यांची मागणी केली आहे.”

सासूबाई ताठ बसल्या. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती, मूळ ओळ त्यांनी ऐकली होती आणि त्या भाषेत काटा आणि सुई यांना शब्द एकच आहे.

“काटे कसले डोंबलाचे! सुया!” त्या कडाडल्या. आणि मग सरळ बाईकडे वळून तिच्याच भाषेत बोलू लागल्या. ती भाषा सत्तर वर्षांपूर्वीची होती आणि तीही बॉयलरजवळ शिकलेली. मोठा साहेब प्रत्येक विनंतीआधी जो शब्द वापरायचा, तो ‘कृपया’ असेल असं धरून त्यांनी तोच वापरला. तो ‘कृपया’ नव्हता. दुभाष्याच्या हातातलं पेन खाली पडलं. बाई आधी लाल झाली आणि मग तिला हसू दाबता येईना.

“शिवायच्या सुया,” सासूबाई सांगत होत्या. “दोन पुड्या मागितल्या होत्या मी. जहाजानं मागवतो म्हणाला आणि एकच आणलीन!”

बाई वहीत खाली वाकली, भराभर पानं उलटू लागली आणि वाचू लागली. आता भाषांतर मीच पुढे येऊन करत होते, कारण दुभाष्याला काही सुधरत नव्हतं.

“‘माहेर आज तापानं फणफणली आहे, पाइप उघडे पडलेत.’”

“गोवर झाला होता मला,” सासूबाई म्हणाल्या.

“‘माहेरनं आज मास्तरांचं भाषांतर सुधारलं. मास्तर रागावले.’”

“तीन आठवडे बोलले नाहीत.”

“‘माहेरला मुलगी झाली. मी एक कांबळं पाठवलं. मुलगी साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडते.’”

“ती माझी नणंद,” मी म्हटलं. “अजून तश्शीच आहे.” समारंभाला आलेल्या नणंदेनं मागूनच “काय गं?” म्हणून आवाज दिला आणि सगळा हॉल हसला.

बाईनं चष्मा काढला. त्यांच्या भाषेत क्रियापदाला बाई-बाप्या असा भेद नाही. साहेब मनात ‘माहेर आली, माहेर म्हणाली’ असं धरून लिहीत गेला आणि पुढच्या साऱ्यांनी ते वाचलं ‘माहेर आला, माहेर म्हणाला’. “म्हणजे त्यांना वाटलं, माहेर हे तुमचं नाव आहे?” तिनं विचारलं.

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. “मला वाटायचं, चेष्टा करतोय,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्या दिवसापासून मला ‘माहेर, माहेर’ अशीच हाक मारायचा. मी म्हटलं, परका माणूस, थट्टा करतोय तर करू दे. मला बरं वाटायचं ऐकायला.”

“का?”

“मला माहेर नव्हतं ना.” त्या आता आपल्या भाषेत बोलत होत्या, माझ्याकडे बघून. “आई गेली मी रांगत असताना. मामानं लग्न लावून दिलं आणि तो बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या मुलखात गेला. सासू कडक होती माझी. रुसावंसं वाटलं तरी रुसून जायचं कुठं? टाकी झाली तेव्हा मी शिवणकाम घेऊन तिच्या भिंतीशी जाऊन बसायला लागले. ऊबदार असते ती भिंत. पलीकडे पाणी निवल्याचा आवाज येतो. मन शांत झालं की उठून घरी जायची.”

चोवीस वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. मी रडले, अगदी सगळ्यांसमोर, नाक ओढत. भाषांतर बाईच्या हुकमावरून दुभाष्यानं केलं आणि या वेळी त्याला एकही अवघड शब्द सापडला नाही.

मग बाई उठली आणि तिनं पाटीवरचं कापड ओढलं. सासूबाईंनी मान वर करून वाचलं.

“नाव बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते ‘श्री’ काढा. आणि ‘स्मरणार्थ’ आधी पुसा, मी अजून आहे.”

सगळ्यांनी बघूसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा घसा कोरडा पडलेला दिसत होता. “बघू,” त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं. मग त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, “नाही, बघू नाही. करू. आत्ता करू.”

पेंटरला बोलावलं. तो ब्रश आणि डबी घेऊन शिडीवर चढला आणि खालून शंभर माणसं त्याला सूचना देऊ लागली. ‘श्री’पुढच्या टिंबाच्या जागी त्यानं ‘मती’ दाटीवाटीनं बसवलं. ‘स्मरणार्थ’वर पितळी रंग फासून ‘सन्मानार्थ’ लिहिलं. अक्षरं जरा तिरकी आली. नवी पाटी ओतून पाठवते, असं बाई म्हणाली. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं, हीच राहू दे. फक्त वरची ओळ त्यांच्या भाषेत दुरुस्त करायची राहिली, ती बाई पुस्तक छापायच्या आधी करून देणार आहे.

मग आम्ही त्यांना टाकीकडे नेलं. हात लावण्याआधी त्यांनी काठी माझ्याकडे दिली. दोन्ही तळवे भिंतीला लावून त्या उभ्या राहिल्या, कान जवळ नेऊन. आतून आरोळी आली, “सासू चढली! माहेरी सोडा!” व्हॉल्व्ह फिरला, पाइप गुरगुरला आणि वाफ टाकीत शिरली. भिंत अजून ऊबदार झाली असणार, कारण त्या हसल्या. इतिहासवाली बाईही शेजारी येऊन तसेच तळवे लावून उभी राहिली. निघताना तिनं पिशवीतून काहीतरी काढून सासूबाईंच्या हातात ठेवलं. प्रवासात बटण तुटलं तर लावायला तिनं बरोबर ठेवलेली सुयांची पुडी होती.

“आता हिशेब मिटला,” सासूबाई म्हणाल्या.

गेटवर पहारेकरी वही उघडून बसला होता. “आजी, कारण सांगायचं राहिलं होतं. इथं काय लिहू?”

सासूबाईंनी पुडी नीट खिशात घातली. “लेकीला माहेरी यायला कारण लागतं का रे?” त्या म्हणाल्या.

त्यानं पेन उचललं, थोडा विचार केला आणि ती चौकट कोरी ठेवली.